कुंपणावाचून फाटक

होटगीच्या रेल्वे फाटकावर उभा जन्म काढून गुरुसिद्धप्पा गावी परतला, तेव्हा गावाचा माळ चरून चरून बोडका झाला होता. पावसात माती वाहून खाली यायची आणि तळं गाळानं भरत चाललेलं. पंचांनी माळ गुरांना बंद केला. राखायला फाटकवाल्याहून लायक माणूस कोण?

त्यानं माळाच्या वाटेवर दोन खांब रोवले, आडवा बांबू टाकला, वर लाल फडकं बांधलं. कुंपण नव्हतंच. तरी लोक फाटकापाशी थांबायचे, गाडी कंदी जाणार म्हणून विचारायचे, हुज्जत घालायचे आणि माघारी वळायचे. बाजूनं जाता येतं हे सुचलं फक्त बसम्माच्या शेळ्यांना. दुसऱ्या दिवशी गुरुसिद्धप्पानं फाटक उपटून तिथं नेऊन रोवलं. शेळ्यांनी वाट बदलली, फाटकही सरकलं. उन्हाळा सरेपर्यंत फाटक माळाला वळसा घालून आलं. शेळ्या दमल्या नाहीत, पण बसम्मा दमली.

पाऊस झाला, गवत गुडघ्याला लागलं. गुरुसिद्धप्पा राखण बायकोवर, सुंदरम्मावर, सोपवून लेकीकडं अक्कलकोटला गेला. परत येऊन बघतो तर माळावरल्या त्याच्या खोपटाच्या तोंडाशी माळढोकाची मादी अंड्यावर बसलेली. तो उलट्या पावली फाटकाबाहेर आला आणि बांबू टाकून बसला. घोंगडं, तंबाखू, सगळं आत खोपटात राहिलं.

भुरभुर सुरू झाली. सुंदरम्मा भाकरी घेऊन आली आणि घोंगडं तरी आणा म्हणून मागं लागली.

"फाटक बंद हाय," तो म्हणाला, "मला बी."

बसम्मा शेळ्या घेऊन खालून चालली होती. भिजलेला राखणदार बघून ती थांबली.

"मामा, बाजूनं जावा की. आमच्या शेळ्या जातात तसं."

गुरुसिद्धप्पाला आधी राग आला, मग हसू आवरेना. बसम्मानं आपलं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं, नेमकं काय राखताय म्हणून विचारलं आणि गवतातून वर आलेली ती लांब मान बराच वेळ बघत राहिली. पुढं गावातली कुत्री माळाकडं वळली की हुसकायला तीच आधी धावे.

पिल्लू निघालं, आईमागून गवतात दिसेनासं झालं. तळं त्या साली पौषातही भरलेलं होतं. पंचांनी विळ्यानं गवत कापून न्यायला परवानगी दिली. पहिला भारा बसम्मानं बांधला. गुरुसिद्धप्पानं तो तिच्या डोक्यावर चढवला खरा, पण भारा लई मोठा बांधलाय म्हणून घरी पोचेपर्यंत कुरकुरत राहिला.