कुंडलिककाकांची पकड

आमच्या वाडीत दोन माणसं रिकामी बसली की अजूनही तो वाद निघतो. हुतूतूत सोनबा मोठा की कुंडलिक मोठा? ज्यांनी त्या दोघांना खेळताना पाहिलंसुद्धा नाही, ती पोरंही हिरिरीनं भांडतात. मी तिथून उठून जाते. सोनबा म्हणजे माझे वडील, आमचे दादा. कुंडलिक हे त्यांचे जोडीदार. मी लिहायला बसले आहे ती या कुंडलिककाकांविषयी, कारण वाद घालणाऱ्यांपैकी एकालाही तो माणूस कळला नाही.

कुंडलिककाका नात्यानं आमचे कोणी लागत नव्हते. बांधाला बांध लागून होता, एवढंच. त्यांच्या दावणीला एक बैल, आमच्या दावणीला एक. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून आखाडात दोन्ही बैल एका जुवाखाली यायचे. आधी आमची भातखाचरं, मग त्यांची. भोर संस्थानातल्या डोंगराकडच्या वाड्यांत पुष्कळांचं असंच भागायचं. दोघांत कुणाचा बैल जास्त कामाचा, असं कधी कुणी विचारलं नाही. तेवढी अक्कल बैलांच्या बाबतीत गावाला होती.

खळ्यावर हुतूतू रंगायचा तेव्हा दादा चढाईला जायचे. उंच, सडपातळ, पाय वाऱ्यासारखे, आणि दम असा की समोरच्याला वाटावं हा श्वास घेतच नाही. काका बुटके, खांद्यानं रुंद, बोलायला कंजूष. ते कोपऱ्यात वाकून उभे राहायचे. चढाईचा गडी टप्प्यात आला की त्याचा घोटा धरायचे, कपाळ त्याच्या मांडीला टेकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग नुसतं ऐकायचं. गड्याचं ‘हुतूतू’ चालू आहे तोवर धरायचं, ते तुटलं की गडी बाद, आणि त्याच क्षणाला पकड सोडायची. काका इतक्या चटकन सोडत की सुटलेला गडी झोकांडी खायचा. “दम गेल्याव धरून ठिवायचं ह्यो खेळ न्हाई, मारामारी हाय,” एवढंच ते नव्या पोरांना शिकवायचे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी भोरला रामनवमीच्या उत्सवात हुतूतूचे सामने ठरले. जिंकणाऱ्या गावाला एक जरीचा फेटा मिळणार होता. एकच. तो कुणाच्या डोक्यावर चढवायचा ते त्या गावानं ठरवायचं आणि त्याला गाडीत बसवून वाजतगाजत घरी न्यायचं. सगळं दुखणं त्या एका फेट्यातून सुरू झालं.

पहिला सामना उत्रोलीशी झाला. दादांनी एका दमात चार गडी मारले आणि गावानं त्यांना खांद्यावर घेतलं. दुसरा आंबवड्याशी. त्यात दादा सुरुवातीलाच बाद होऊन रेघेबाहेर बसले, आणि काकांनी एकामागून एक गडी धरून सामना ओढून काढला. आता राहिली भोंगवली. तिच्याशी कसं खेळायचं हे बोलायचं सोडून आमची शहाणी माणसं फेटा वाटायला बसली.

“सोनबा मारतो म्हनून डाव व्हतो. नुसतं धरून काय उपेग?” वरची आळी म्हणायची.

“आन सोनबा बाद झाल्याव लाज कुनी राखली?” खालची आळी विचारायची.

पाणवठ्यावर बायका दोन बाजूंना घागरी भरू लागल्या. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, “कुनाच्या बी डोक्याव घाला, पर येकदाचं घाला आन कामाला लागा.” ते कुणाला पटलं नाही.

ते दोघे सुरुवातीला हसत होते. पण कौतुक रोज कानात ओतलं की आत मुरतं. खोटं कशाला लिहू, दादांना तो फेटा हवा होता. आणि काकांनाही हवा होता. रोज आमच्या बैलालाही वैरण टाकायला येणारे काका त्या दिवसांत पहिल्यांदाच दादांशी न बोलता परत गेले.

सामन्याच्या आदल्या दिवशी आनंदराव नावाच्या आमच्या एका वजनदार गृहस्थांना तोडगा सुचला. सोनबानं चढाई करावी, समोर एकटा कुंडलिक असावा. परत आला तर फेटा सोनबाचा, धरला गेला तर कुंडलिकाचा. उद्या ज्यांच्या जिवावर जिंकायचं त्या दोघांना आज एकमेकांवर सोडायचं! आणि साऱ्या गावाला हा न्याय वाटला. भोरहून पानांची टोपली घेऊन आलेले अन्वर तांबोळी तेवढे म्हणाले, “आवो, उद्या सामना हाय. आज कशापायी?” तर परका माणूस म्हणून त्यांनाच पंच केलं.

मी तेव्हा आईच्या कडेवर होते. मला त्यातला फक्त आवाज आठवतो. दोन्ही आळ्या खळ्याभोवती दाटल्या होत्या आणि प्रत्येक जण आपापल्या माणसाचं नाव घेऊन घसा फोडत होता. पुढचं मी ऐकलेलं. दादा आत शिरले, हूल देऊन वळले, आणि वळता वळता काकांनी घोटा धरला. कपाळ मांडीला, डोळे मिटलेले. दादा रेघेकडे रेटत होते, काका मागे ओढत होते. अन्वरचाचा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण त्यांनाही दादांचं ‘हुतूतू’ ऐकू येईना. मग दादांचा पाय पिळवटला गेला आणि गुडघ्याखालचं हाड मोडलं. ते मोडल्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी भोंगवलीनं फेटा नेला. दादा पडून होते, आणि काकांनी सामन्याला जायला साफ नकार दिला.

हाडवैद्यानं हाड बसवलं ते वाकडं बसलं. दादांचा पाय जन्माचा आखूड झाला. आणि गावानं, स्वतःकडे बघायला नको म्हणून, नवा वाद काढला. दम गेल्यावरही कुंडलिकानं मुद्दाम धरून ठेवलं, असं एक म्हणे. नाही, दम चालू होता, असं दुसरा म्हणे. दादांना विचारलं की ते ठरलेलं सांगायचे, “माजा दम शाबूत व्हता. त्यानं धरलं ते बराबर धरलं.” गावाला ती ऐट वाटायची. काकांचा तर विश्वासच बसला नाही. मांडीला कपाळ होतं. पाय मोडायच्या आधी, दम गेल्यावर पडते तशी, मांडी ढिली पडल्यासारखी त्यांना वाटली होती. वाटली होती की नाही, हेच त्यांना पुढची सगळी वर्षं छळत राहिलं.

त्यानंतर ते कधी खळ्यावर उतरले नाहीत. आखाडात मात्र जोड घेऊन आधी आमच्याच खाचरात यायचे. दादा बांधावर काठी टेकून बसायचे. दोघे पाण्याचं, रोपांचं, बैलाच्या खुराचं बोलायचे. त्या दिवसाचं कधीच नाही. आईनं बरेच दिवस त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण आमचं भात त्यांच्या घामावर पिकत होतं, मग किती दिवस तोंड फिरवणार?

आणखी एक होतं, ते फक्त मला ठाऊक. काका माझा हात धरत नसत. ओढा ओलांडायचा झाला की ते बोट पुढं करायचे. “तूच धर, चंद्रे. घट धर,” म्हणायचे. वासरू हिसडा मारायचं तर दावं सोडून द्यायचे आणि मागून त्याला शोधत हिंडायचे. लोक हसायचे. मला त्यांची दया यायची आणि हसणाऱ्यांचा राग यायचा. तो अजून गेलेला नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी भादव्यात दादांना हिवतापानं धरलं. अंगात काही उरलं नव्हतं. एका सकाळी काका खांबाला टेकून बसले होते. आई चुलीपाशी होती, मी दादांच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलत होते. काका खाली बघत म्हणाले, “सोनबा, येकडाव खरं सांग. त्या दिशी तुजा दम गेला व्हता का?”

दादांनी पांघरुणातून पाय बाहेर काढला. तोच, आखूड. “धर.”

“आरं, कशाला...”

“धर म्हनतो न्हवं.”

काकांनी घोटा धरला. त्यांनी कपाळ दादांच्या मांडीला टेकवलं आणि डोळे मिटले. दादा बारीक आवाजात सुरू झाले, हुतूतूतूतू... चुलीतल्या लाकडाचा आवाजही त्याहून मोठा होता. थोडंसं चाललं आणि तुटलं. त्याच क्षणाला काकांची बोटं उघडली.

“बग,” दादा म्हणाले. “आयकू आलं की सोडतूस तू. त्या दिशी आयकू आलं न्हाई. माजा दम गेला व्हता, कुंडलिक. मी थांबलो व्हतो. गाव वरडत व्हतं.”

“मग इतकी वर्सं शाबूत व्हता म्हनून का सांगितलंस?”

“गेला म्हनलो असतो, तर तू जानून धरलंस म्हनून गावानं तुला फाडून खाल्लं असतं.” दादा श्वासासाठी थांबले. मग कसंनुसं हसले. “आन फेट्याचा मान बी तुजा झाला असता. त्ये बी व्हतं मनात. खोटं कशाला बोलू?”

काका तोंडावर पंचा धरून रडले. एवढा मोठा माणूस रडताना मी प्रथमच पाहिला. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि तीही तिथंच बसून राहिली.

दुपारी आईनं काकांना आणि मला हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणायला भोरला पाठवलं. त्या गोळ्यांचा दादांना उपयोग होणार नव्हता, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. वाटेतला ओढा दोन्ही काठ धरून वाहत होता. मी सवयीनं त्यांचं बोट शोधलं. काकांनी बोट दिलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पाण्यात पाऊल टाकलं.

मधोमध पोचलो तेव्हा त्यांची पकड फार आवळली. “काका, हात दुखतोय,” मी म्हणाले. हळूच म्हणाले, आणि ओढ्याचा आवाज केवढा तरी होता. पण त्यांनी लगेच मूठ सैल केली. मग पुन्हा धरलं, मला दुखणार नाही असं, आणि पलीकडच्या काठापर्यंत सोडलं नाही.