मास्कमधला उखाणा

मंडळी, आज आमच्या बरखेडा कॉलनीत जोशीकाकूंच्या क्वार्टरवर हळदीकुंकू होतं. मला सर्दी, म्हणून मी मास्क लावून गेले. झालं!

"अगं, कोरोना कधीच गेला, काढ ते!" काकूच म्हणाल्या. नियम होता तेव्हा याच काकूंनी मला मास्क नाही म्हणून फाटकातूनच परत पाठवलं होतं.

वर बायकांचा आग्रह, "मास्क काढून उखाणा घे!"

मी ठणकावून घेतला:
"सर्दी माझ्या नाकात, बाळ तुमच्या घरात,
सुधीररावांचं नाव घेते मास्कच्या आत!"

सगळ्या खो खो हसल्या. निघताना काकूंची सून, बाळाला कडेवर घेऊन, हळूच म्हणाली, "थँक्यू ताई. माझी बोलायची हिंमतच होत नव्हती."

मास्कचा नियम सरकारने मागे घेतला, मान्य. पण सर्दीला कुणी कळवलंय का हो?