शेततळं झालं आणि आबा यायचे थांबले

गावातली चौदा एप्रिलची जयंती उरकली की आबा सानपाड्याला यायचे आणि पाऊस पडेपर्यंत आमच्या हॉलमध्ये मुक्काम ठोकायचे. मराठवाड्यातल्या आमच्या शेतातली विहीर तोवर तळाला गेलेली असायची. आई वारल्यावर त्यांना एकट्याला तिथं टँकरची वाट बघत कसं ठेवणार? वन बीएचकेत आम्ही चौघं, पाचवे आबा. नळाला पाणी धो धो, तरी हा माणूस भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचा आणि खाली नेऊन सोसायटीच्या कडुलिंबाला घालायचा. जिना ओला झाला की सेक्रेटरी माझ्या नावानं शंख करायचा. माझ्या पेल्यात घोटभर पाणी उरलं, तर आबा म्हणायचे, "सांडू नको बाबा. तेवढ्यात मिरचीचं एक रोप जगतंय."

मला राग यायचा. खरं सांगायचं तर लाजही वाटायची.

म्हणून शेततळ्याचं खूळ मीच काढलं. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात साठवा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा, मे महिन्यातही पुरेल, असं त्यांच्या गळी उतरवलं. बोलत होतो शेतीचं, डोळ्यांसमोर होता माझा हॉल. आबा भोळे. लेकाला अजून मातीची ओढ हाय, असं गावभर सांगत सुटले. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात मी कारकून आहे. तिथला एक जुना जाड दोर नेऊन मी तळ्याच्या काठाला बांधला. त्या कागदावर पाय घसरला तर माणसाला वर येता येत नाही. एवढी काळजी मात्र घेतली.

तळं भरलं आणि शेताचा रंगच बदलला. पावसानं ओढ दिली तेव्हा तुरीला ऐन फुलोऱ्यात पाणी मिळालं. हरभरा साधला. उन्हाळ्याच्या धाकानं कधी लावली नव्हती ती मोसंबी आबांनी लावली, दारात म्हैस बांधली. जयंती झाली, पण आबा आले नाहीत. फोनवर हसून म्हणाले, "आता कशाला येऊ? पानी हाय की हितं. झाडं कुनाच्या भरवशावर सोडू?"

"बरं झालं ना, त्यांचंपण टेन्शन गेलं," बायको म्हणाली. मी हॉलमध्ये मोठा सोफा आणला.

असे चार उन्हाळे गेले. इथं आले की मी त्यांना डॉक्टरकडे नेऊन बीपी तपासून आणायचो, तेही राहिलं. पाण्यासाठी नका येऊ आबा, माझ्यासाठी या, असं मी एकदाही म्हणालो नाही. का नाही म्हणालो?

पाचव्या मे महिन्यात एका दुपारी मोसंबीला पाणी सोडून आबा बांधावर बसले. शेजारच्या शेतकऱ्याला म्हणाले, छातीत कळ येतीय. तालुक्याचा दवाखाना तासाभराच्या वाटेवर. ते पोचलेच नाहीत. आमच्या बिल्डिंगमधून रस्ता ओलांडला की समोर हॉस्पिटल आहे.

आम्हा बौद्धांत माणूस गेला की जलदान विधी करतात. त्याच्या नावानं तांब्यातलं पाणी एका भांड्यात ओतायचं, भांडं भरून बाहेर वाहीपर्यंत. पाणी आबांच्या तळ्यातलंच आणलं होतं. बौद्धाचार्य गाथा म्हणत होते, मी ओतत होतो. भांडं काठोकाठ भरलं आणि माझा हात थांबला.

"ओता, सांडू द्या," बौद्धाचार्य हळूच म्हणाले.

माझ्याच्यानं होईना. शेवटी चुलत भावानं माझा हात धरून तांब्या तिरपा केला. पाणी सतरंजीवर पसरत गेलं आणि मी सगळ्यांदेखत हंबरडा फोडला.

मे संपत आला होता. तळ्यात अजून पुरुषभर पाणी होतं.