घरची बायको गाण्यात पळाली

दोन हजार तेवीस साल. माझ्या वरच्या खाटेवरचा गडी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता, आणि इकडे आखातात, मुहैस्नाहच्या सगळ्या लेबर कॅम्पांत कंट्री म्युझिकची गाणी स्वतः रचून गाणारा मराठी माणूस तो एकटाच. दुसरा कुणी असेल तर आणून दाखवा. दाखवला तरी मी मानणार नाही.

धंद्याने तो टॉवर क्रेनवाला, दिवसभर आभाळात एकटा. साइटवरच्या अमेरिकन इंजिनियरच्या पिकअपमध्ये ही गाणी वाजायची. ह्याला इंग्रजीतलं 'यस सर' सोडून काही येत नव्हतं, तरी त्याने सगळं ओळखलं. मला म्हणाला, "तात्या, ही तर आपलीच माणसं. ट्रक आहे, कुत्रा आहे, गाव सुटलंय. आणि बायको पळालेली." इंजिनियर जाताना त्याला गिटार आणि रुंद काठाची टोपी देऊन गेला. साइटवर हेल्मेटची सक्ती, म्हणून हा हेल्मेटवर टोपी चढवून क्रेन चढायचा. सेफ्टीवाला खालून शिव्या द्यायचा, हा वरून टोपी काढून त्याला सलाम करायचा. गाणं जुळायचं तेही वरच. एकदा वॉकीटॉकीचं बटन दाबलेलं राहिलं आणि नवं कडवं अख्ख्या साइटने ऐकलं. खाली सळयांची वाट बघणारा पठाण फोरमन म्हणाला, "यल्ला, दूसरा भी सुनाओ, पर पहले मेरा सरिया उतारो!"

खरी परीक्षा मात्र आमच्या खोलीत. सुट्टीच्या दिवशी आम्ही मटणासाठी कांदा चिरत बसायचो आणि हा उभा राहून गायचा. ज्या गाण्याला सुऱ्या थांबल्या नाहीत, ते त्याने पुन्हा कधी गायलं नाही.

सुऱ्या थांबल्या त्या बायको ट्रकवाल्याबरोबर पळाल्याच्या गाण्याला. आता ह्याची बायको गुहागरकडे घरात नीट नांदत होती. पण कंट्री गाण्यात बायको पळालीच पाहिजे, हा त्याच्या घराण्याचा नियम! कुणीतरी व्हिडिओ गावी पाठवला. वाडीत ट्रक कुणाकुणाकडे आहे ह्याची चौकशी सुरू झाली. तिचा भाऊ चिपळूणहून धावत आला. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "माझ्याशी बोलू नका. तुमच्या गाण्यातल्या त्या ट्रकवालीशी बोला." आणि बोलणं बंद.

गडी वाळला. गिटार खाटेखाली गेली. तेवढ्यात शेजारच्या शहरातल्या, अल मजाजच्या मराठी मंडळींनी त्याला कार्यक्रमाला बोलावलं. मीच ढकलून नेला. तिला समोर बसवायला तिच्या भावाला पटवलं, व्हिडिओ कॉल लावला आणि फोन धरून स्टेजखाली उभा राहिलो. सगळ्यांना तेच गाणं हवं होतं. पुढच्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "अंकल, डू द ट्रक वन!" ह्याने नाही म्हणून मान हलवली, आणि कधी न ऐकलेलं सुरू केलं:

"ती नाही गेली कुठं, ती उंबऱ्यातच उभी,
विमानात बसून पळाला, तो मीच होतो, मी."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "भावोजी, त्यांना सांगा, गाणं बरं आहे. पण हे कळायला एवढी वर्षं?"

मी त्याला निरोप जसाच्या तसा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी साइटची बस सुटायच्या आधी तो कॅम्प बॉसच्या दारात गेला आणि गावी जायचं म्हणाला. "वापस कब?" कॅम्प बॉसने विचारलं. "खलास, हबीबी," म्हणाला, म्हणजे आता परत येणं नाही, आणि बसमध्ये मी धरून ठेवलेल्या जागेवर माझ्या शेजारी येऊन बसला.