सुहास सरांची शंभर टक्के प्लेट

केडगावची सविता कॉलेजच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत अकरा वर्षं मदतनीस. दर जूनला तिचं कंत्राट डॉक्टर सुहास सरांच्या सहीवर लटकायचं. देवानं तिला पदवी दिली नाही, तळहात मात्र दिला. जिवाणू वाढवायला प्लेटमध्ये ओततात त्या आगरची, म्हणजे गार झाल्यावर थिजणाऱ्या खळीची, बाटली हातात धरवली, की मगच ती त्यात औषध घालू द्यायची. घरी दूध कोमट झाल्यावर विरजण लावतात तसं.

सरांचं संशोधन थोर. मिरजगावच्या मातीतल्या जिवाणूतलं एक जनुक काढायचं आणि त्यावाचून त्याचं काय अडतं ते बघायचं. काढलेल्या जागी अँपिसिलिन या जिवाणू मारणाऱ्या औषधाला न जुमानणारं जनुक बसवायचं. मग अँपिसिलिनच्या प्लेटवर जो जगेल, तोच बदललेला.

त्या दिवशी सरांना सत्काराची घाई. आगर वाफाळत होतं.

"सर, लई गरम हाय. औषध मरंल त्यात."

"सविताबाई, पीएचडी तुमची की माझी?"

आणि सरांनी औषध त्यात ओतलं.

दोन दिवसांत प्लेट जिवाणूंनी गच्च भरली. सरांनी शंभर टक्के यश जाहीर करून पेढे वाटले. पण पुण्याहून तपासायला आलेल्या निवेदिता मॅडमनी न बदललेला मूळ जिवाणू त्याच आगरच्या दुसऱ्या प्लेटवर लावून बघायला सांगितला, तर तोही बाळसं धरून वाढला. म्हणजे प्लेटमध्ये औषध जिवंत नव्हतंच. सरांना दोषी लगेच सापडला. सविता औषध घालायला विसरली, असं त्यांनी मॅडमना कळवलं आणि मॅडम शनिवारी परत यायच्या आत तिच्याकडं लेखी खुलासा मागितला. चूक कबूल, असं लिहायचं. नाहीतर सही नाही.

सवितानं काही लिहिलं नाही. मारुतीचं नाव घेऊन दोन प्लेटा ओतल्या. आगर तेच, औषध तेवढंच, मूळ जिवाणूही तोच. फक्त एकीत औषध वाफाळत्या आगरात घातलं, दुसरीत निवलेल्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सरच वर्गात घसा फोडून सांगत.

शनिवारी तिनं दोन्ही मॅडमसमोर ठेवल्या. गरम आगरची जिवाणूंनी भरलेली, निवलेल्याची कोरी.

"खुलासा ह्यो हाय, मॅडम."

सरांनी चष्मा पुसला. ही चाचणी आपणच सुचवली होती, असं म्हणाले.

"मग यांच्याकडून लेखी कशाला मागत होतात?" मॅडमनी विचारलं.

सरांनी कंत्राटाचा कागद काढला आणि मॅडमदेखत सही केली. सवितानं तारीख वाचून तो पिशवीत घातला. मग सरांना म्हणाली, नवं आगर उकळलंय, निवायला अर्धा तास लागंल, तोवर बसा.