ताईच्या लग्नातले चार सूर

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मी फ्रेंच हॉर्न वाजवला, असं आमच्या नात्यात अजून सांगतात. ते खोटं आहे. मी हॉर्न धरला होता, गाल फुगवले होते आणि त्याआधी वर्षभर त्या दिवसासाठी जीव काढला होता, एवढंच खरं. बाकीचं ताईने पसरवलेलं आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही मुलुंडला राहायचो आणि मी अकरावीत होतो. तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक, त्यामुळे मला अभ्यासाखेरीज दुसरं काही सुचू नये अशी वडिलांची अपेक्षा होती. मला नेमकं दुसरंच सुचलं. भांडुप स्टेशनजवळ एका बँडमास्तरांचं दुकान होतं. मास्तर साताऱ्याकडचे, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले, आता लग्नामुंजीत बँड नेणारे. दुकानाच्या भिंतीवर ट्रंपेट आणि क्लॅरिनेट टांगलेले असत आणि मधोमध एक वेटोळ्यावेटोळ्यांचं पितळी वाद्य असे. त्याला कुणी हात लावत नसे. तोच फ्रेंच हॉर्न. बँडमधले लोक त्याला जिलबी म्हणत. वरातीत त्याचा उपयोग नाही, कारण त्याचा कर्णा मागे वळलेला, आवाज मागच्यांना ऐकू जातो, पुढच्यांना नाही. मास्तरांनी ते पलटणीच्या मोडीतून हौसेने आणलं होतं.

मी शिकवणीहून येताना रोज ते बघत उभा राहायचो. एक दिवस मास्तरांनी आत बोलावलं आणि त्याचं नुसतं तोंड, म्हणजे माउथपीस, काढून हातात दिलं.

"फुंकायचं न्हाई," ते म्हणाले. "ओठ थरथरवायचे. माशी गुणगुणल्यावानी आवाज आला की मग पुढचं."

तीन आठवडे मी माशी झालो. घरी, जिन्यात, संडासाच्या रांगेत. शेजारच्या आजोबांनी मला काही लागिर झालंय का म्हणून चौकशी केली. वडिलांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आजवर घराण्यात कारकून निघाले, आता वाजंत्री निघाला." ते ताईने निस्तरलं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आणि वडिलांची लाडकी. "बाबा, अभ्यास मी घेते त्याचा," ती म्हणाली, "तासभर वाजवू दे की." आई गेल्यापासून ताईचा शब्द घरात शेवटचा होता, आणि माझ्यासाठी तर पहिलाही तोच.

फ्रेंच हॉर्नसारखं खट वाद्य जगात दुसरं नसेल. पेटीवर बोट ठेवलं की सूर येतो, मग तुम्ही गाढव असलात तरी चालतं. इथे डाव्या हाताला तीन कळा असतात, पण एकच कळ दाबून पाच-सहा सूर निघतात. कुठला निघणार ते ओठ ठरवतात. तुम्हाला 'प' हवा असतो आणि शेजारचाच कुणीतरी ओरडत बाहेर येतो. उजवा हात कर्ण्याच्या आत घालून ठेवायचा. हात जरा आत सरकला की आवाज सर्दी झाल्यासारखा होतो. श्वासाची वाफ नळीत साचून पाणी होतं आणि सूर गुरगुरायला लागतो. मग मधली वाकडी नळी उपसून ते पाणी झटकायचं. मास्तरांची सक्त ताकीद होती की वाजवून झालं की पाणी काढल्याशिवाय हॉर्न खाली ठेवायचा नाही.

चाळीत सराव करणं शक्य नव्हतं. मास्तरांनी विश्वासाने हॉर्न घरी न्यायला दिला, तेव्हापासून रविवारी सकाळी मी तो घेऊन पूर्वेकडच्या मिठागरावर जायचो. बरोबर ताई. ती बांधावर रुमाल पसरून बसायची, मांडीवर विणकाम. मी खाडीकडे पाठ करून उभा राहायचो, म्हणजे आवाज पाण्यावर जायचा. मी दमलो की ती नळी उपसून पाणी झटकायची, सांध्याला खोबरेल तेलाचं बोट लावायची. तेही मीच तिला शिकवलं होतं.

"कसं वाटलं?" मी विचारायचो.

"छान रे. मागच्या वेळेपेक्षा कितीतरी छान."

दर रविवारी ती हे म्हणायची. मी ते शब्द घरी नेऊन आठवडाभर पुरवून वापरायचो.

मास्तरांच्या बँडची एक गंमत मी तिला अशीच बांधावर सांगितली होती. बँडमध्ये माणसं दिसायची सोळा, वाजवणारी दहा. बाकीचे सहा खोटे. यजमानांना भरगच्च बँड दिसावा म्हणून गणवेश चढवून हातात वाद्य दिलेले. त्यातल्या एखाद्याला रंगात येऊन फुंकायची हुक्की आली तर वाट लागायची, म्हणून मास्तर त्यांच्या वाद्याच्या नळीत चिंधी कोंबून ठेवत. मग कितीही फुंका, हवा फुसफुसते, सूर निघत नाही. ताई पोट धरधरून हसली होती. "म्हणजे त्याला वाटत असणार आपण वाजवतोय!" ती म्हणाली. मीही हसलो. खोटं कशाला बोला, मीच जास्त हसलो.

त्या माघात ताईचं लग्न ठरलं. मुलगा बोरिवलीचा, बँकेतला, घरचे जरा शिष्ट. बँड अर्थातच आमच्या मास्तरांचा. मी ताईला विचारलं, "मी वाजवू का गं?" ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "वाजव की. माझ्या लग्नात तू नाही तर कोण वाजवणार?" तो क्षणभर मला तेव्हा दिसला नाही.

मास्तरांनी माझ्यासाठी मुद्दाम जागा काढली. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघून हॉलच्या दारात आला की सगळा बँड थांबणार, ढोलसुद्धा. त्या शांततेत हॉर्नने एकट्याने चार लांब सूर द्यायचे, सा, प, वरचा सा, पुन्हा प, आणि मग सगळ्यांनी उचलायचं. चारच सूर. त्यांच्यासाठी मी दोन महिने घासले. पहिले दोन पक्के झाले. वरचा सा कधी लागायचा, कधी फाटायचा. शेवटच्या रविवारी मिठागरावर तो दहात सहा वेळा लागला. मी मोजले होते. ताईला म्हटलं, "सहा वेळा!" ती म्हणाली, "झकास." विणकामातून मान वर न काढता.

लग्नाच्या सकाळी मास्तरांनी बजावलं, "वाटेत वाजवू नगंस. ओठ राखून ठेव." म्हणून देवळापासून हॉलपर्यंत मी निळा गणवेश घालून, हॉर्न काखेत धरून नुसता चालत आलो. एका बाजूला खोटा क्लॅरिनेटवाला, दुसऱ्या बाजूला खोटा ट्रंपेटवाला. मनात म्हणत होतो, बघा लेको, मी खरा आहे.

दारात नवरदेव थांबला. मास्तरांनी हात वर केला, ढोल बंद. दारात उभ्या असलेल्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ लावले, पोटातून श्वास घेतला आणि सोडला.

फुस्स.

पुन्हा लावले. पुन्हा फुस्स. सूर फाटला असता तरी चाललं असतं, पण काहीच आलं नाही. बोरिवलीकडचं कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याने माझे चार सूर आपल्या वाद्यावर उचलले, ढोल कडाडला आणि वरात आत गेली. वडील जमिनीकडे बघत होते.

त्या तासाभरात मी स्वतःला जितक्या शिव्या दिल्या तितक्या आजवर दुसऱ्या कुणाला दिलेल्या नाहीत. ओठ दगा देऊन गेले, मी घाबरट, मी नालायक, ताईच्या लग्नात माती खाल्ली. आत मंगलाष्टका चालू होत्या आणि मी हॉलच्या मागे आचाऱ्यांच्या चुलाण्याजवळ बसून रडत होतो. अक्षताही टाकल्या नाहीत. रडून झाल्यावर सवयीने पाणी काढायला नळी उपसली. पाणी आलं नाही. बोट घातलं तर आत काहीतरी मऊ लागलं.

चिंधी होती. घट्ट गुंडाळलेली, माझ्या श्वासाने ओली झालेली.

मी तडक मास्तरांकडे गेलो. ते पंगतीच्या कडेला पान लावत होते. मी चिंधी त्यांच्यासमोर धरली. म्हणालो, "मला खोटा करायचा होता तर आधी सांगायचं होतं."

मास्तरांनी चिंधी हातात घेतली, उलगडली, उजेडात धरली. "ही माजी न्हाई पोरा," ते म्हणाले. "माज्या चिंध्या जुन्या गणवेशाच्या. निळ्या. ही रेशमी हाय."

ती डाळिंबी होती. काठाला जरीचा एक धागा. ताईच्या शालूवरच्या पोलक्याचं कापड मीच तिच्याबरोबर शिंप्याकडे टाकायला गेलो होतो. शिंप्याने उरलेल्या कातरणी परत दिल्या, त्या तिच्या शिवणाच्या डब्यात होत्या. हॉर्न आदल्या रात्री घरीच होता, खाटेखाली.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि मग पान तोंडात घालून दुसरीकडे बघायला लागले. हॉलमध्ये ताई डाळिंबी पोलकं घालून नवऱ्याला जिलबीचा घास भरवत होती. पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी रडलो नाही. लोक म्हणाले, पोरगा मनात ठेवणारा आहे. अगदी बरोबर म्हणाले.

हॉर्न मी दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या दुकानातल्या भिंतीवर नेऊन टांगला.

नारळी पौर्णिमेला ताई राखी बांधायला आली, एकटीच. वडील आतल्या खोलीत पेपर वाचत होते. तिने मला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं, राखी बांधली आणि ताम्हन पुढे केलं. मी खिशातून ती चिंधी काढली आणि ओवाळणी म्हणून ताम्हनात ठेवली. वाळून तिचा रंग जरा गेला होता.

ताईने ती लगेच उचलून मुठीत धरली. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं.

"एकच दिवस रे," ती हळूच म्हणाली. "तो एक दिवस त्यांच्याकडच्या कुणी आपल्याला हसू नये, एवढंच वाटत होतं."

"मग मला सांगायचंस. नसता वाजवला."

"तू ऐकलं असतंस?"

"तू सांगितलं असतंस तर ऐकलं असतं. तुझंच तर ऐकत होतो वर्षभर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. दहात चार वेळा फाटायचा तो वरचा सा. त्या दिवशी फाटला असता, लोक हसले असते, पण फाटला तो माझा फाटला असता. लागला असता की फाटला असता, हे आता मला कधीच कळणार नव्हतं. एवढं सगळं मला तिला सांगायचं होतं, पण मी राखीच्या गोंड्याशी चाळा करत बसलो.

तिने पदराने डोळे पुसले, निरांजन देवापाशी ठेवलं आणि माझ्यासमोर नारळीभाताचं ताट वाढलं. मी जेवायला लागलो तशी समोर बसली.

"अजून वाजवतोस ना रे?" तिने विचारलं.

"नाही."

"असं काय? सोडू नकोस रे," ताई म्हणाली. "छान वाजवायचास."