एक घर वर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, भावाला न्हाई. देवाला बी न्हाई — त्याला काय सांगायचं, तो तर वरून बघतच होता. तुला सांगायलोय, कारण तू विज्याला ओळखत न्हाईस. फक्त मधी "जाऊ दे रे, पोरवय होतं" असलं काय म्हणू नको. पोरवय-बिरवय काय नव्हतं. पंचविशी गाठली होती मी, अन् डोकं थंड होतं. तापलेल्या डोक्यानं असलं काम जमत न्हाई.

आधी विज्यानं काय केलतं ते सांगतो. तुला माझी बाजू पटावी म्हणून न्हाई. मला ते सांगायला आवडतं म्हणून. अजून बी सांगताना दात खातो मी.

आमी परळीचे. वैजनाथाच्या पायऱ्यांखाली माझ्या वडलांचं, आप्पांचं, विभूती-रुद्राक्षाचं दुकान. विज्या आमच्याच गल्लीतला. त्याला बाप नव्हता. आई, इंदूमावशी, लोकांच्या शेवया-पापड करून द्यायची. मी निम्मा तिच्याच घरी जेवून वाढलो. हे बी ध्यानात ठेव, पुढं लागंल.

गावात नुकती केबल आलती. टीव्हीवर लांब केसांचे गोरे लोक डोळे मिटून गिटार वाजवायचे अन् आमची टाळकी फिरली. आमी गल्लीतल्या पोरांनी ऑर्केस्ट्रा काढला. हळदी, गणपती, पुढाऱ्यांचे वाढदिवस. विज्या ड्रमवर. गाण्यांच्या मधी माईकवर बोलायचा बी तोच. बोलायला एक नंबर — मुडद्याला हसवंल असा. अन् मी गिटारीवर. थर्मलची, म्हंजी वीजकेंद्राची, राख दोरीवरच्या कपड्यांवर बसायची तशी गिटारीवर बी बसायची. वाजवायच्या आधी फडकं मारावं लागायचं.

आप्पांना गिटार अजिबात पसंत नव्हती. "त्या लाकडाचे कान पिळून निघतंय काय?" म्हणायचे. कधी ऐकायला आले न्हाईत. पण एका गणपतीला आले. दुकान दिवे लागायच्या आधीच बंद केलं, इस्तरीचं धोतर नेसले, अन् पुढच्या खुर्चीत येऊन बसले.

आता हे जरा समजून घे. गिटारीच्या गळ्यावर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांच्या मधी एक घर. इंग्लिशवाले त्याला फ्रेट म्हणतात. अन् पाच सुरांची एक माळ असते — आपल्या भूप रागात बी पाचच सूर की, तसंच. ती माळ समद्या गळ्याभर पसरलेली असते. पण मला ती पाचव्या घरापासून आठव्यापर्यंतच ठाऊक होती. गाण्याच्या मधी एकट्यानं वाजवायची जागा आली, ती लांबली, अन् मी तेवढ्याच चार घरांत खाली-वर, खाली-वर. घाण्याचा बैल.

अन् मागून विज्याचा माईक वाजला. "अरे अरे अरे — कॅसेट अडकली वाटतं! कुणीतरी पेन्सिल द्या रे!"

कॅसेटची रीळ बाहेर आली की आपण पेन्सिल घालून गुंडाळायचो, आठवतंय ना? अख्खा मांडव हसला. बायका हसल्या, पोरं हसली. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा बी हसायलते. उपरणं तोंडाला लावून, खांदे हलायलते त्यांचे.

घरी ताटावर बसल्यावर म्हणले, "मन्मथ, मिळाली का रे पेन्सिल?" त्यांच्या मनात काय वाईट नव्हतं. पण मी ताटावरनं उठलो. गल्लीतली पोरं तर लई दिवस मला बघून खिशातनं पेन्सिली काढायची. विज्यानं दुसऱ्या दिवशी चहा पाजला. "मजाक होती बे, मनावर नको घिऊ." मी म्हणलो, "घेतलं न्हाई." आप्पा परत कधी ऐकायला आले न्हाईत, अन् पुढं वारले ते. त्यांच्या लेखी त्यांचा लेक म्हणजे अडकलेली कॅसेट. हे मी कुणाच्या नावावर मांडायचं? सांग ना.

थर्मलच्या कॉलनीत जोसेफ सर होते, केरळचे, चर्चमधी गिटार वाजवायचे. त्यांचा उंबरा झिजवला मी. पहिल्याच दिवशी म्हणले, "पाँच कमरे का घर है बेटा. तू एक ही में क्यूँ सोता है?" पाच खोल्या. प्रत्येक खोलीत तेच पाच सूर, फक्त बोटांची मांडणी वेगळी. अन् खरी गंमत भिंतीत — पहिल्या खोलीची उजवी भिंत तीच दुसरीची डावी. दुसरीची उजवी तीच तिसरीची डावी. भिंत सापडली की दार सापडतं, अन् दारं सापडली की माणूस गळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे मिटून फिरतो. मग मनात येईल ते वाजवायचं, कुठं अडकायचं न्हाई.

मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की लाकडी फुटपट्टीवर बोटं फिरवायचो. विभूतीच्या पुड्या बांधताना बोटं मनातल्या मनात दुसऱ्या खोलीतनं तिसरीत जायची. बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडले. अन् प्रत्येक घर दाबताना तोंडात एकच नाव — विज्या. लोकं म्हणतात, कलेला प्रेम लागतं. माझ्या कलेला डूख लागला. चांगली आली की!

मग बाजारात तो नवा कीबोर्ड आला. एका बटणात ढोलकी, दुसऱ्या बटणात ड्रम. आमच्या कीबोर्डवाल्यानं तो घेतला अन् विज्याचं कामच संपलं. रिकाम्या हातानं माईकवर बोलायचा नुसता. त्यात लातूरच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचा मालक गिटारवाला शोधायला लागला. आधी मलाच विचारलं. आप्पांच्या मागं दुकान कोण बघंल, म्हणून मी न्हाई म्हणलो. तर विज्या घरी आला. जमिनीवर बसला, माझ्या गुडघ्याला हात लावला.

"मन्म्या, मला शिकव. मी बारावी नापास माणूस. हे बी गेलं तर आईला काय खायला घालू?"

त्याला पेन्सिल आठवत होती का? हराम आठवत असंल तर! एक शब्द न्हाई. मी जी गोष्ट उशाशी घिऊन झोपायचो, ती हा साफ विसरून गेलता. मला वाटतं, त्यानं तेवढ्यात माफी मागितली असती तर — न्हाई. तरी बी मी तेच केलं असतं. खोटं कशाला बोलू.

"ये की बे," म्हणलो. "शिकवतो."

पहिली खोली त्याला बरोबर शिकवली, पाचव्या घरापासून. दुसरी खोली आठव्या घरातनं सुरू होते. मी ती नवव्यातनं सुरू करून दिली. तिसरी, चौथी, पाचवी — समद्या एक घर वर. भिंतीची गोष्ट सांगितलीच न्हाई. आता तू म्हणशील, त्याला कळलं कसं न्हाई? अरे, एकेक खोली वेगळी वाजवली तर गोडच लागते. सूर तेच, नुसते थोडे वर चढलेले. ते चुकलंय हे कळतं दुसरं वाद्य सोबतीला आलं की. अन् सोबतीला दुसऱ्या गिटारीवर मीच होतो! तो पहिल्या खोलीतनं दुसरीत गेला की मी माझा पंजा बी गुपचूप एक घर वर सरकवायचो. मग काय, गाणं असं उचललं जायचं, जसं सिनेमातल्या गाण्यात शेवटचं कडवं पट्टी चढवून घेतात. विज्याचा ताल लोखंडासारखा, पण सुराचा कान कच्चा. त्याचे डोळे भरून यायचे. "लई भारी वाटतंय बे," म्हणायचा.

"कुणासमोर वाजवू नको," मी सांगितलं. "एकदम स्टेजवरच काढ." त्यानं ऐकलं. रोज यायचा. बोटं फुटायची, तर हळद दाबून वाजवायचा. जीव तोडून शिकला, एवढा मी बी शिकलो नव्हतो. कधीमधी मला वाटायचं, सांगावं. मग उपरण्याआडचे ते हलणारे खांदे डोळ्यापुढं यायचे अन् माझा पंजा एक घर वर सरकायचा.

तेलगावला एका पुढाऱ्याच्या पोराची हळद होती. लातूरचा मालक ऐकायला येणार होता. मी बोटाला चिंधी गुंडाळली, नखुरडं झालंय म्हणलो, अन् गिटार विज्याच्या गळ्यात घातली. तो माझ्या पाया पडायला वाकला. मी दंडाला धरून उठवला.

पहिल्या खोलीत उत्तम वाजवलं त्यानं. मालक मान हलवायलता. मग विज्यानं डोळे मिटले — टीव्हीवरच्या त्या गोऱ्यांसारखे — अन् दुसऱ्या खोलीत शिरला. कीबोर्ड आपल्या जागी, हा एक घर वर. दाताखाली खडा यावा तसं झालं. त्यानं डोळे उघडले, कीबोर्डवाल्याला खुणावलं, विज्याला वाटलं कीबोर्डवालाच चुकायलाय. मग तिसरीत गेला, चौथीत गेला, वर वर पळत सुटला, कुठंतरी सूर भेटंल म्हणून. लोकं आधी खुसखुसली, मग हसली. मालक उठून जेवणाच्या मांडवाकडं गेला.

झालं. हे एवढंच असतं तर मी तुला सांगितलं बी नसतं. गड्यागड्यांची भांडणं, एकानं नाक कापलं, दुसऱ्यानं कान. विज्याला तर आजपर्यंत संशय बी आलेला न्हाई. दुसऱ्या दिवशी मलाच म्हणला, "तू लई जीव लावून शिकवलंस बे, माझाच कान फुटका." त्यानं परत गिटारीला हात लावला न्हाई. आता राखेच्या ट्रकवर ड्रायव्हर हाय. माझ्याकडं शिकायला पोरं पाठवतो. "मन्मथ सरांसारखा मास्तर न्हाई," सांगत फिरतो. ऐकून घेतो मी.

पण खरं ते हे न्हाई. मी मघापासून आडबाजूनंच चाललोय.

त्या दिवशी इंदूमावशीला तेलगावला मीच नेलतं. विज्यानं आणायला सांगितलं नव्हतं. मी तिच्या घरी गेलो, म्हणलो, "मावशी, तुमचं पोरगं आज मोठं होणार, चला." तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. एस्टीत माझ्यासाठी फडक्यात शेंगदाण्याचे लाडू घेतलते. मी तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. आप्पा बसले होते ना पुढच्या खुर्चीत? मग! अन् मी तिच्या शेजारी बसलो. स्टेजकडं न्हाई, तिच्या तोंडाकडं बघायला. खिशात पेन्सिल बी होती, वर स्टेजवर विज्याला पाठवायला.

लोकं हसली तेव्हा मी वळून बघितलं. मावशी हसत नव्हती. ती टाळ्या वाजवायलती. एवढ्या मांडवात एकटी, जोरजोरात, तोंडभर खुशी. तिला सुरातलं काय कळत होतं? तिचं लेकरू दिव्याखाली उभं होतं, बास. माझे आप्पा हसले होते, अन् विज्याची आई टाळ्या वाजवायलती! माझ्या अंगाचा भडका उडाला.

ती माझ्याकडं वळली. "कावून हसायलेत रे मन्मथ, लोकं? चांगलं तर वाजवायलंय."

काय बी सांगता आलं असतं. खुशीनं हसायलेत म्हणलो असतो तर तिनं मानलं असतं. जन्मभर मानलं असतं.

मी तिच्या कानापाशी गेलो. म्हणलो, "मावशी, समदं चुकायलंय त्याचं. बेसूर वाजवायलाय, म्हणून हसायलेत. टाळ्या नका वाजवू. तुमाला बी हसायलेत."

तिचे हात तिथंच थांबले. तिनं आजूबाजूला बघितलं. मग पदर कपाळापर्यंत ओढला अन् हात मांडीवर ठेवले, उलटे. पेन्सिल मी काढलीच न्हाई. मावशी विज्याकडं बघंना, माझ्याकडं बी बघंना. आपल्या पायांकडं बघत बसली, गाणं संपेपर्यंत.

अन् मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. त्या लाडवातला एक मी तिथंच बसून खाल्ला. मावशी आता न्हाई. पण तिचे ते हात आठवले की आज बी आधी बरंच वाटतंय. बाकीचं मागून येतंय.